सिस्टरचा घोयरा

सिस्टरनी मला पहिल्या दिवशी खोली दाखवलीच नाही. आधी घोयरा दाखवला.

ऐंशीनंतरची पहिली तीन-चार वर्षं असतील. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून माझी रत्नागिरीला नेमणूक झाली आणि मी कराडहून एक वळकटी नि एक ट्रंक घेऊन घाट उतरले. वाटेत दोनदा ओकले. नाचणे गावाच्या रस्त्याला, हापूसच्या बागेला लागून सिस्टरचं चिऱ्याचं घर होतं. पडवीत अर्धी मच्छरदाणी टांगलेली, तिच्या आत पेरूची फांदी आडवी बांधलेली आणि फांदीवर तो बसलेला. हिरवा, वीतभर लांब, पाठीवर कंगोरा, शेपटीचं वेटोळं. एक पाय उचलून तो तसाच थांबला होता, पुढे टाकावा की नाही हे ठरत नसल्यासारखा. त्याचा एक डोळा पांढरा होऊन गेला होता. दुसरा आपला आपण फिरला, छपराकडे गेला, खाली आला आणि माझ्यावर येऊन थांबला.

"ह्याच्याबरोबर राहायला जमेल काय गो?" सिस्टर म्हणाल्या. "जमत नसेल तर आताच सांग. वळकटी सोडू नको."

मला जमणार नव्हतं. पाल दिसली तर मी त्या खोलीत दोन दिवस जात नसे. पण बाहेर ऊन रणरणत होतं, पोटात काही उरलं नव्हतं, आणि त्या बाईंच्या नजरेपुढे 'नाही' म्हणायची माझी छाती झाली नाही. "जमेल," मी म्हणाले.

कोकणात ज्याला घोयरा म्हणतात तो सरड्यातलाच एक. झाडावर राहतो, रंग बदलतो, अंगाएवढी लांब जीभ फेकून किडे धरतो. मरणाचा सावकाश चालतो, आणि लोक त्याला तितकेच मरणाचे भितात. चावला की माणूस वाचत नाही असं आमच्या शेजारीपाजारी सगळेच सांगायचे. चावून मेलेला माणूस मात्र कुणी पाहिलेला नव्हता.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. नवरा नाही, मूल नाही. निवृत्तीनंतरही पांढरंच पातळ नेसत आणि खांद्याशी ते उलटं घड्याळ टाचलेलं असे. मी पहिल्याच संध्याकाळी लाडीगोडीने "मावशी" म्हणाले तर त्या म्हणाल्या, "दवाखान्यात मावशी म्हणजे आया. मी सिस्टर. सिस्टरच म्हणायचं." बोलताना समोरच्याचं मनगट हातात घ्यायची त्यांना सवय होती. आपण पावसापाण्याचं बोलत असायचो आणि त्या आपली नाडी मोजत असायच्या. घरी कुणीही येवो, मतं मागायला आलेला उमेदवार का असेना, त्याला पहिला प्रश्न, "पोट साफ होतं काय?" तो उमेदवार आमच्या दारावरून परत कधी गेला नाही.

घोयरा त्यांच्याकडे कसा आला ते मला कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सांगितलं. गडग्यावर तो दिसला आणि चार-पाच मोठी माणसं त्याला दगडांनी मारत होती. गडगा म्हणजे बागेभोवतीची दगडांची भिंत. सिस्टर भाजी घेऊन येत होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, मधे गेल्या आणि त्याला पदरात उचलला. "सिस्टर, डसेल," लोक ओरडले. तेव्हा सिस्टरनी आपली करंगळी त्याच्या तोंडात दिली. तो चावला. त्या उलट्या घड्याळाकडे बघत, स्वतःची नाडी मोजत, भर रस्त्यात पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ब्याऐंशी. जा आता घरी." दगडाने त्याचा एक डोळा गेला होता. दुकानदार म्हणाला, "त्या दिवसापासून आम्ही घोयऱ्याला भीत नाही. सिस्टरला भितो."

मीही भीत होते. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, पण त्यांच्यासमोर माझ्या हातून कपबशी वाजायची.

त्यांनी त्याला नाव ठेवलं नव्हतं. 'पेशंट' म्हणायच्या. हिवताप खात्याची माणसं घरात डीडीटी मारायला आली तेव्हा सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या. "आत पेशंट आहे. तुमच्या पावडरीने जाईल तो." त्या माणसांनी बाळंतीण असेल असं समजून माफी मागितली आणि पुढच्या वर्षीही त्याच समजुतीने घर सोडलं. तोपर्यंत बाळंतपणाची चौकशी करायचं कुणाला सुचलं नाही.

पेशंटचं जेवण ही माझ्या लेखी त्या घरातली सगळ्यात भीषण गोष्ट. एका डोळ्याने त्याला अंतर नीट कळत नसे. मोकळा सोडला असता तर आठ दिवसांत उपाशी मेला असता. म्हणून जिवंत टोळ चिमट्यात धरून त्याच्या चांगल्या डोळ्यासमोर एक वीत अंतरावर न्यायचा आणि हात अजिबात हलू द्यायचा नाही. चिमटा दवाखान्यातला, टोकाशी दाते असलेला. मेलेल्या किड्याकडे तो बघतही नसे, टोळ हलत असायला हवा. टोळाच्या मागच्या पायांना काटे असतात, ते त्याच्या घशाला लागतात, म्हणून ते पाय आधी काढायचे. सिस्टर टोळाला "माफ कर हो बाबा" म्हणत आणि दोन बोटांनी ते पाय मोडत. तो बारीकसा आवाज मला आतल्या खोलीत, उशी कानावर दाबली तरी ऐकू यायचा. मग पेशंट पुढे झुकायचा, तोंड जरासं उघडायचा, डोळा स्थिर करायचा आणि चटकन काहीतरी व्हायचं. चिमटा रिकामा.

"हात हलला की त्याचा नेम चुकतो," सिस्टर सांगत. "नेम चुकला की मानी आहे तो, दिवसभर तोंड उघडायचा नाही. ये, बघून ठेव."

"मी नाही करणार सिस्टर हे."

"करायला कोण सांगतंय? बघायला काय जातं?"

माझ्या भीतीला कारण होतं. मी सहा वर्षांची असताना झोपेत माझ्या कानात झुरळ शिरलं होतं. आईने कानात गोडं तेल ओतलं, आणि ते मरेपर्यंत आत फडफडत राहिलं. तेव्हापासून सहा पायांचं काहीही माझ्या अंगाजवळ आलं की माझा त्या बाजूचा कान बंद होतो. आणि नोकरी कुठली मिळावी, तर आठ तास कानाला हेडफोन लावून बसायची. लाइनीवर खरखर सुरू झाली की मी हेडफोन काढून आत बघून घ्यायचे. सोबतच्या मुली हसायच्या.

हे मी सिस्टरना एकदा सांगितलं. त्या हसल्या नाहीत. टॉर्च आणून त्यांनी माझा कान तपासला आणि म्हणाल्या, "आत काही नाही. पण तुला वाटतं ना, मग आहे." दुसऱ्या दिवसापासून रिकामा चिमटा माझ्या हातात देऊन मला पेशंटसमोर उभं करायला लागल्या. आधी मिनिटभर, मग दोन. तिसऱ्या आठवड्यात चिमट्यात जास्वंदीची पाकळी. डिसेंबर लागेपर्यंत मी एकदा, डोळे मिटून, खरा टोळ धरला. त्याची धडपड चिमट्यातून माझ्या कोपरापर्यंत आली. पेशंटची जीभ बाजूने निघून मच्छरदाणीवर आपटली. सिस्टर इतकंच म्हणाल्या, "उद्या बघू."

वॉर्डातल्या गोष्टी त्या क्वचित सांगत. एक मात्र दोनदा सांगितली. एका बाईला घेऊन घरचे आले. काय झालं विचारलं तर म्हणाले, शिळं खाल्लं. त्या बाईने खरं तर ढेकणांचं औषध प्यायलं होतं, घरच्यांना ते माहीत होतं आणि अब्रूला भिऊन ते बोलले नाहीत. कळलं तेव्हा उशीर झाला होता. "खोटं मला चालतं गो," सिस्टर म्हणाल्या. "मी स्वतः बोलते. पण पेशंटच्या उशाशी नाही." तेवढं बोलताना त्यांच्या मानेची शीर उभी राहिलेली मी पाहिली, आणि ह्या बाईंना आपण कधी असं फसवू नये असं मनाशी म्हटलं.

जानेवारीत केळशीहून तार आली. त्यांची थोरली बहीण विहिरीवर पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. सिस्टरनी पिशवी भरली आणि चिमटा माझ्यापुढे ठेवला.

"आज सोमवार, गुरुवारी दुपारी येते. आजचे तीन टोळ बरणीत आहेत. पुढचे तुला धरावे लागतील. सकाळीच जा, ऊन चढायच्या आत. गारठ्यात ते सुस्त असतात, उन्हात तुला सापडायचे नाहीत. रोज दोन. पानांवर पाणी शिंपड. बाकी तो काही मागत नाही."

त्या उंबऱ्यात थांबल्या आणि पडवीकडे न बघता म्हणाल्या, "चाळीस वर्षं पेशंट आले. बरा झाला तरी गेला, मेला तरी गेला. हा एकच राहिला माझ्याकडे." मग छत्री घेऊन गेल्या. जानेवारीतही त्यांना छत्री लागायची.

सोमवार बरणीवर निभावला. पायांचं काम मी शिवणाच्या कात्रीने केलं आणि नंतर कात्री अंगणात फेकून दिली. तीन टोळांतला एक त्याने घेतला, एक चुकला, एक माझ्या हातून सुटून माझ्याच खोलीत गेला. ती रात्र मी स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी बसून काढली.

मंगळवारी सकाळी बरणी घेऊन मागच्या कातळावर गेले. वाळक्या गवतात टोळ होते, पण मी पाऊल टाकलं की चारी बाजूंनी उडायचे. एक माझ्या मानेवर बसला. कसा झटकला आठवत नाही, घरी आले तेव्हा बरणी हातात नव्हती आणि एक चप्पलही. पेशंट फांदीच्या टोकाशी येऊन बसला होता. त्याचा डोळा माझ्या रिकाम्या हातावर आला, तिथेच थांबला. त्या दिवशी तो उपाशी राहिला. एक्स्चेंजमध्ये मी तीन कॉल चुकीचे जोडले.

बुधवारी मी कातळावर गेले नाही. गडग्यापलीकडच्या हापूसच्या कलमांच्या बागेत गेले. कलमं मोहोरली होती, खाली पाचोळा पडला होता, आणि पाचोळ्यात टोळ होते, चांगले बोटाएवढे. एकही उडाला नाही. जागच्या जागी पाय हलवत होते. सिस्टर म्हणाल्या होत्या तसेच, गारठ्याने सुस्त. वास जरा उग्र येत होता, मला वाटलं मोहोराचाच. घाटावर आम्ही हापूस खातो, त्याचा मोहोर कसा वासाला असतो हे आम्हाला कुठे माहीत. मी चार टोळ उचलले. हाताने उचलले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तळहातावर किडा होता आणि माझा कान उघडा होता. घरी येऊन मी चिमटा धरला. टोळ हळूहळू पाय हलवत होता, धडपड नाही, झटका नाही, त्यामुळे माझा हातही स्थिर राहिला. पेशंटने एकाही वेळा नेम चुकवला नाही. कालचा उपास म्हणून मी चारही घातले. कामावर जाताना मला इतका आनंद झाला होता की मी रस्त्याने गुणगुणत गेले.

संध्याकाळी तो फिकट दिसला. झोपताना तसा होतोच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. गुरुवारी सकाळी तो खाली पडलेला होता. तोंड उघडं, पाय थरथरत, ओठांतून लाळेची तार लोंबत होती.

गडग्यापलीकडे बागेतला गडी पंप खांद्यावर टाकून चालला होता. टोळांसाठी घेतलेला रिकामा डबा माझ्या हातात तसाच होता, तो बघून थांबला. "बाय, कलमांखालचा काय उचलू नको हां. मंगळवारी मालकान् औषध मारलान् मोहोरावरच्या तुडतुड्यावर. हात धू साबणान्."

मी हात धुतले. किती वेळा धुतले ते सांगता येणार नाही. मग, आणि हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे, मी ओलं फडकं घेऊन पेशंटची लाळ पुसली. फांदी पुसली. त्याला उचलून पुन्हा फांदीवर ठेवलं, पाय धरेनात म्हणून शेपटी दोऱ्याने अडकवली. सिस्टर येतील, बघतील, आणि काय बघतील ते मी नीटनेटकं करत होते.

त्या दीडच्या सुमारास आल्या. पिशवी खाली न ठेवताच मच्छरदाणी वर केली.

"काय घातलंस खायला?"

"टोळ."

"कुठचे?"

त्यांनी माझं मनगट धरलं होतं. सवयीने धरलं असेल, पण मला वाटलं, नाडीवरूनच ह्यांना कळेल. "कातळावरचे," मी म्हणाले. "कालपासून खात नाहीये. थंडी बाधली असेल."

सिस्टरनी विश्वास ठेवला. लगेच ठेवला, तेच मला सहन झालं नाही. त्यांनी गरम पाण्याची पिशवी केली, फडक्यात गुंडाळली, त्याला वर ठेवला आणि कापसाने साखरपाणी टिपायला बसल्या. माझी दोनची ड्युटी होती. मी पळाले.

त्या दुपारी बोर्डावर आखातातले कॉल खूप होते. राजिवड्याच्या मोहल्ल्यातल्या बायका बुकिंगच्या खिडकीशी येऊन बसायच्या आणि नंबर लागला की तीन मिनिटांत पलीकडच्या नवऱ्याला एकच गोष्ट सांगायच्या, सगळं बरं आहे. आम्ही ऑपरेटर ते ऐकायचो. ज्या बाईचा सासरा आदल्या दिवशी गेला होता ती त्या दिवशी सांगत होती, "अब्बांना बरंय, झोपलेत, उठले की सांगते." तिला तसंच सांगायचं होतं, तिचा नवरा तिथून काय करणार होता? पण सिस्टर घरी पेशंटच्या समोर बसल्या होत्या. त्यांना करता येण्यासारखं होतं. हेडफोनमध्ये खरखर सुरू झाली आणि ह्या वेळी मी तो काढून आत बघितलं नाही. सुपरवायझरना पोटात दुखतंय म्हणाले आणि निघाले. साडेपाच वाजून गेले होते.

मी पडवीच्या पायरीवरूनच सांगितलं. आत जायची हिंमत नव्हती. "कलमांखालचे होते. औषध मारलेलं होतं. मला नंतर कळलं, पण सकाळी कळलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं."

सिस्टरनी मान वर केली नाही. "किती?"

"चार."

"कधी?"

"काल सकाळी आठला."

"लाळ होती?"

"होती. मी पुसली."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते त्या रागाची, पण चेहऱ्यावर राग नव्हता, घाई होती. आत जाऊन त्यांनी पत्र्याची पेटी उघडली आणि इंजेक्शनचं एक ॲम्प्यूल काढलं. मोहोराच्या दिवसांत फवारणीचे गडी असेच लाळ गाळत वॉर्डात यायचे, त्यांना हेच देत असू, असं त्या स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या. काच फोडली, वाटीत पाणी घेऊन थेंब पातळ केला, परत केला. त्यांचा हात थांबला. "माणसाचा डोस मला झोपेत विचार. ह्याचा कुणी लिहून ठेवलेला नाही," त्या म्हणाल्या, आणि पेटीतून सुई काढली.

मी आत गेले. सांगितलं नव्हतं तरी दोन्ही हातांनी त्याला धरलं. खरखरीत, थंड, आणि माझ्या कल्पनेपेक्षा फार हलका होता. सिस्टरनी सुईने त्याच्या ओठांवर एक थेंब सोडला. मग दहा मिनिटांनी दुसरा. त्याचा रंग काळपट झाला, परत पिवळा झाला. एकदा त्याने माझं बोट पायात धरलं, दोन बोटं इकडून, तीन तिकडून, घट्ट. मला वाटलं, आला. सिस्टरनाही वाटलं असावं, त्या पुढे सरकल्या. मग ती पकड सैल होत गेली. दिवेलागणीची वेळ होती, शेजारी कुणीतरी कंदील पुसत होतं. सिस्टरनी त्याच्या छातीवर बोट ठेवलं, घड्याळाकडे बघितलं आणि बोट काढून घेतलं.

पेशंटला माझ्या हातांतून घेऊन त्यांनी फडक्यात गुंडाळला. खोली सोडायला सांगतील, म्हणून मी मनातल्या मनात ट्रंक भरत होते.

"दीडला बोलली असतीस तर वाचला असता काय, ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित नसताही." त्यांनी फुटकी काच वाटीत गोळा केली. "किड्यांची भीती वाटते तुला, ते मला ठाऊक होतं. ह्याची वाटते, तेही. म्हटलं हळूहळू जाईल." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आवाजही वॉर्डातला नव्हता. "माझी पण वाटते काय गो?"

'छे, तुमची कसली भीती' हे वाक्य माझ्या तोंडाशी तयार होतं. ते म्हटलं असतं तर त्या रात्री त्यांना थोडी झोप लागली असती.

"हो," मी म्हणाले.

सिस्टर उठल्या. त्यांनी मच्छरदाणीची एक गाठ सोडली, मग दुसरी, आणि दुसरं टोक धरायला मला खूण केली.